बुलेट घ्यायची आहे. नवी की जुनी?

ईदच्या दुसऱ्या दिवशी माझा भाचा तासगावहून घरी आला. शिरखुर्म्याची वाटी संपवली, थोडा घुटमळला आणि म्हणाला, "मामू, गाडी घ्यायची आहे. बुलेटच घ्यायची, हे ठरलंय. नवी घेऊ की जुनी?"

मी कविता लिहितो, म्हणजे मला जुन्या वस्तूंमधले कळते, असा आमच्या घरात एक गोड गैरसमज आहे. शिवाय तरुणपणी माझ्याकडे येझदी होती, हे त्याने आईकडून ऐकले होते. त्या येझदीने पुढे मला काय दाखवले, हे मात्र त्याला कुणी सांगितलेले नव्हते. ते मी सांगणारच आहे, कारण त्याच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर तिच्यात आहे.

पण आधी प्रश्न नीट समजून घेऊ. आज रस्त्यावर जी मोटारसायकल बघून तरुण मुले मागे वळून पाहतात, ती दिसते पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या गाडीसारखी. गोल दिवा, थेंबासारखी टाकी, तारांची चाके, लांब सायलेन्सर. दिसायला सगळ्या एकाच घराण्यातल्या. प्रत्यक्षात त्यांच्या पोटात फार वेगवेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून 'नवी की जुनी' विचारण्याआधी 'जुनी म्हणजे कुठली' हे विचारावे लागते.

बुलेट हे नाव इंग्लंडच्या रॉयल एनफिल्ड कंपनीने १९३२ मध्ये आपल्या मोटारसायकलला दिले. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला आपल्या सैन्याने सरहद्दीवरच्या गस्तीसाठी ३५० सीसीच्या बुलेट मागवल्या. १९५५ मध्ये मद्रास मोटर्सबरोबर भागीदारी होऊन एनफिल्ड इंडिया उभी राहिली आणि मद्रासजवळ तिरुवोट्टियूरला गाड्या तयार होऊ लागल्या. इंग्लंडमधली मूळ कंपनी १९७० च्या सुमारास बंद पडली. मद्रासची चालूच राहिली. १९९४ मध्ये ती आयशर समूहाकडे गेली. आई गेली आणि लेक जगली, अशी ही कथा आहे. त्यामुळे जगात इतरत्र जी गाडी संग्रहालयात गेली, ती आपल्याकडे दूधवाल्याचे कॅन वाहत राहिली.

या बुलेटच्या तीन पिढ्या आज बाजारात भेटतात.

पहिली पिढी बिडाच्या इंजिनाची. इंजिन वेगळे, गिअरबॉक्स वेगळा. गिअर उजव्या पायात, ब्रेक डाव्या पायात. ती चालू करणे हा एक विधी असे. किक हलकेच दाबत अँपिअर मीटरचा काटा मध्यावर आणायचा, हँडलजवळची डीकॉम्प्रेसरची छोटी कळ ओढून पिस्टन जरासा पुढे सरकवायचा, कळ सोडायची आणि मग अंगाचे सगळे वजन टाकून एकच किक. चुकलात तर किक उलटी येणार आणि नडगी सांगणार, की चुकलात. २००९ च्या आसपास हे इंजिन मागे पडले.

दुसरी पिढी त्याच वर्षी आलेल्या 'क्लासिक'ची. इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स एकाच पेटीत बसवलेले. ३४६ सीसी. गिअर डाव्या पायात, बटन स्टार्ट, पण किकही शिल्लक. ३५० मध्ये कार्बोरेटर होता तो २०२० पर्यंत. त्या वर्षी प्रदूषणाचे बीएस-६ निकष लागू झाले आणि त्याच्या जागी फ्युएल इंजेक्शन आले.

तिसरी पिढी सप्टेंबर २०२१ मध्ये आली. नाव क्लासिकच, रूपही जवळजवळ तेच, पण इंजिन मुळापासून नवे. ३४९ सीसी. आत एक बॅलन्सर शाफ्ट बसवला आहे. पिस्टनच्या वर-खाली होण्याने जे हादरे बसतात, ते तो उलट दिशेच्या वजनाने बरेचसे मोडून काढतो. जुन्या गाडीवर तासभर गेल्यावर तळहाताला मुंग्या यायच्या, त्या हिच्यावर फारशा येत नाहीत. किक मात्र गेली. बॅटरी उतरली तर गाडी ढकलावी लागते.

हीच गोष्ट जावाची. म्हैसूरच्या आयडियल जावाच्या गाड्या १९७३ पासून येझदी या नावाने निघू लागल्या आणि १९९६ मध्ये कारखाना बंद झाला. त्या २५० सीसीच्या टू-स्ट्रोक गाड्या. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचे, आणि किक व गिअर एकाच दांड्यावर. २०१८ मध्ये जावा हे नाव पुन्हा आले, ते पाण्याने थंड होणारे फोर-स्ट्रोक इंजिन घेऊन. नाव आणि चेहरा तेवढा आजोबांचा.

मी भाच्याला म्हटले, "जुन्या वृत्तात आज लिहिलेली कविता वेगळी आणि जुनं हस्तलिखित वेगळं. पहिली कुठंही वाचता येते. दुसऱ्याला वाळवी लागू नये म्हणून राखण करावी लागते. दोन्ही घरात असावीत. पण वाचायला हवी होती म्हणून हस्तलिखित आणू नये." त्याला हे पटले की नाही कोण जाणे. पण त्याने फोन खाली ठेवला, हे खरे.

मग मी त्याला तीन गोष्टी विचारल्या. रोज किती चालवणार? मागे कोण बसणार? आणि रविवारचा अर्धा दिवस गाडीला देऊ शकतोस का?

तो कुपवाडच्या एमआयडीसीत कामाला आहे. रोज जाऊन-येऊन चाळीसेक किलोमीटर. पाळी कधी सकाळची, कधी रात्रीची. मागे बसणार त्याची आई, म्हणजे माझी बहीण; तिचे गुडघे दुखतात. आणि रविवारी त्याला झोप हवी असते.

ही उत्तरे आली तेव्हाच बिडाच्या इंजिनाची बुलेट यादीतून बाहेर पडायला हवी होती. ती गाडी वाईट नाही. उलट दुरुस्तीला तिच्याइतकी सोपी गाडी क्वचित असेल. पुण्याच्या नाना पेठेत तिचे भाग मिळतात, कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर एखादा भाग करूनही घेता येतो. पण ती लक्ष मागते. पॉइंट साफ करा, टॅपेट बघा, चेन ताणा, ऑइल कुठून गळते ते पाहा. ज्याला यात आनंद आहे त्याने ती जरूर घ्यावी. ज्याला सातच्या पाळीला हजर व्हायचे आहे, त्याने घरात दुसरी गाडी असेल तरच घ्यावी.

आणखी एक गोष्ट फारशी कुणी बोलत नाही. आयुष्यभर उजव्या पायाने ब्रेक मारलेला माणूस जुन्या बुलेटवर बसला की सराव होईपर्यंत प्रसंग बाका असतो. शांतपणे चालवताना सगळे लक्षात राहते. समोर अचानक म्हैस आली, की पाय जुन्या सवयीच्या जागी जातो, आणि तिथे गिअर असतो.

ब्रेकचा विषय निघालाच आहे, तर एबीएसबद्दल सांगतो. घाबरून जोरात ब्रेक दाबला की चाक फिरायचे थांबते, पण गाडी थांबत नाही, ती घसरते. वाळूवर किंवा पहिल्या पावसाच्या चिकट रस्त्यावर तर हमखास. एबीएसमधला सेन्सर चाक अडकते आहे हे ओळखतो आणि ब्रेकचा दाब क्षणार्धात सोडतो-धरतो, पुन्हा पुन्हा. चाक फिरत राहते, हँडल हातात राहते. १२५ सीसीच्या वरच्या नव्या दुचाकींना हे एप्रिल २०१९ पासून सक्तीचे झाले. म्हणून जुनी घ्यायचीच असेल, आणि घरचे माणूस मागे बसणार असेल, तर मी २०१९ च्या अलीकडची बघायला सांगेन.

तसेच पेट्रोलचे. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. एप्रिल २०२३ पासूनच्या नव्या गाड्यांचे रबरी आणि प्लास्टिकचे भाग ते सोसतील असे केलेले असतात. त्याआधीच्या, विशेषतः कार्बोरेटरच्या गाडीत नळ्या आणि सील यांच्यावर नजर ठेवावी लागते, आणि टाकी महिनोन्महिने भरून ठेवून गाडी उभी करू नये. इथेनॉल हवेतले पाणी शोषते आणि टाकी आतून गंजते.

आता पैशाचे. भाच्याकडे साठवलेले दीड लाख रुपये होते. नव्या क्लासिकची ऑन-रोड किंमत दोन लाखांच्या पुढे जाते. वरचे पैसे कर्जाने घ्यायचे. समजा लाखभर रुपये १२ टक्के व्याजाने तीन वर्षांसाठी घेतले, तर महिन्याचा हप्ता साधारण ३,३२० रुपये येतो आणि तीन वर्षांत साडेएकोणीस हजार रुपये व्याज जाते. शिवाय ऑन-रोड किमतीतला रस्ता कर आणि नोंदणीचा खर्च गाडी विकताना परत येत नाही. तो पहिल्या मालकाने भरलेला असतो आणि दुसऱ्या मालकाला त्याचा आयता फायदा होतो. जुनी गाडी स्वस्त पडते ती मुख्यतः यामुळे.

पण जुन्या गाडीची किंमत ठरवताना विकणारा 'मी एवढ्याला घेतली होती' तिथून सुरुवात करतो. आपण आज नवी केवढ्याला मिळते, तिथून सुरुवात करावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला आणि त्यावरच्या गाड्यांवर ४० टक्के. म्हणजे दोन लाखांच्या शोरूम किमतीत साधारण पंधरा हजारांचा फरक पडला. ३४९ सीसीची क्लासिक एका सीसीने या रेषेच्या अलीकडे राहिली. चाकणला बजाजच्या कारखान्यात तयार होणारी ३९८ सीसीची ट्रायम्फ पलीकडे गेली. नवी स्वस्त झाली की जुनीनेही उतरले पाहिजे, हे विकणाऱ्याला शांतपणे सांगावे. आणि जुनीसाठी ठरवलेल्या रकमेतले दहा टक्के बाजूला ठेवावेत. टायर, बॅटरी, चेन-स्प्रॉकेट यांतले काहीतरी निघतेच.

जुनी गाडी बघायला जाताना सकाळी लवकर जावे आणि मालकाला आधीच सांगावे, की आम्ही येईपर्यंत चालू करू नका. गेल्यावर पहिल्यांदा इंजिनाला हात लावून पाहावा. गरम लागले तर विचारावे, का तापवले? थंड गाडी कशी चालू होते, यातच तिची प्रकृती कळते. निळसर धूर येत राहिला तर इंजिन ऑइल जाळते आहे. रिंग-पिस्टनचा खर्च येणार. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जाते आहे. थंडीच्या सकाळी थोडी पांढरी वाफ दिसली तर तिला घाबरू नये.

मग गाडीच्या मागे दहा पावले जाऊन उकिडवे बसावे आणि दोन्ही चाके एका रेषेत आहेत का ते बघावे. नसतील तर चॅसिस कधीतरी वाकली आहे. बॅटरीचा टॉर्च टाकीत मारून गंज पाहावा. स्प्रॉकेटचे दाते एका बाजूला झुकले असतील तर चेनसकट बदलावे लागतील. टायरच्या कडेला चार आकडे असतात. '२३१९' असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी शाबूत दिसली तरी जुने रबर कडक झालेले असते. मोठ्या आवाजाचा सायलेन्सर बसवलेला असेल तर मूळचा मागून घ्यावा, नाहीतर त्याची किंमत कापावी. त्या आवाजाचा दंड पुढे आपल्यालाच भरावा लागतो.

इतके सगळे बघितल्यावरही सर्वांत महत्त्वाची तपासणी उरतेच. ती कागदांची. इथे माझी येझदी येते.

१९९४ साली मी ती सेकंडहँड घेतली. तेव्हा नोकरी नवीन होती, हौस मोठी होती. चार वर्षे चालवली आणि १९९८ साली एका ओळखीच्याच्या ओळखीच्याला विकली. त्याने पैसे दिले, मी आरसी बुक दिले, टीटी फॉर्मवर सह्या करून दिल्या. तो म्हणाला, "नावावर करून घेतो, काळजी करू नका." मी काळजी केली नाही. अब्बांनी एकदा विचारले होते, "नाव निघालं का?" मी म्हटले, निघाले असेल.

२००१ मध्ये घरी नोटीस आली. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची. त्या येझदीने एका फळगाडीवाल्याला धडक दिली होती आणि त्याचा पाय मोडला होता. चालवणारा मी ज्याला विकली तोही नव्हता. गाडी मध्ये आणखी एकाच्या हातात गेली होती. विमा कुणीच भरलेला नव्हता. आरटीओच्या दप्तरात मालक म्हणून एकच नाव होते, माझे.

दोन वर्षे तारखा झाल्या. शेवटी तडजोड झाली आणि मी २२ हजार रुपये भरले. पगाराच्या मानाने ती रक्कम मोठी होती. बहिणीच्या लग्नासाठी काढून ठेवलेले पैसे त्यात गेले, आणि ही तीच बहीण, जिचा मुलगा माझ्यासमोर बसला होता. फळगाडीवाला प्रत्येक तारखेला कुबडी घेऊन यायचा. मला त्याचा राग कधी आला नाही. त्याला कुणाकडे तरी भरपाई मागायची होती आणि सरकारी कागदावर त्याला माझे नाव सापडले होते. कायदा असाच आहे. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात हेच पुन्हा स्पष्ट केले, की गाडी कितीही हातांतून गेली, तरी ज्याच्या नावावर तिची नोंदणी आहे त्यालाच मालक धरून भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते. अपघातात सापडलेल्या माणसाला खरीदी-विक्रीची साखळी शोधत फिरायला लावता येणार नाही, हा त्यामागचा विचार.

म्हणून नियम साधा आहे. राज्यातल्या राज्यात गाडी विकली की विकणाऱ्याने चौदा दिवसांत आरटीओला कळवायचे आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत नावावर करून घ्यायची. त्यासाठी २९ आणि ३० नंबरचे फॉर्म. गाडी कर्जावर घेतलेली असेल तर हप्ते फिटले तरी आरसीवर बँकेचा बोजा तसाच असतो. बँकेचा दाखला आणि ३५ नंबरचा फॉर्म देऊन तो उतरवावा लागतो. विमाही चौदा दिवसांत आपल्या नावावर करून घ्यायचा. विकणाऱ्याचा 'नो क्लेम बोनस' त्याच्याकडेच राहतो, तो गाडीबरोबर येत नाही. परराज्यातली गाडी स्वस्त दिसली तर तिथली एनओसी आणि इथला कर धरून मग हिशेब करावा. इंजिन आणि चॅसिसचा नंबर आरसीशी अक्षर न् अक्षर ताडून पाहावा; तिथे घासल्याच्या खुणा असतील तर चहासुद्धा न घेता उठावे.

भाच्याला हे सगळे सांगून झाले, तरी पुढच्या रविवारी तो मला कोल्हापूरला घेऊन गेला. १९८६ सालची बिडाची बुलेट. काळी कुळकुळीत, टाकीवर सोनेरी रेघा. मालकाच्या मुलाने ती चालू केली आणि, खोटे कशाला बोलू, त्या ठोक्याने माझेही मन हलले. भाचा तर टाकीवर हात ठेवूनच उभा होता.

मी आरसी बुक मागितले. नाव वडिलांचे. वडील वारून सहा वर्षे झालेली. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते. ते वडील असेपर्यंत झाले होते, नंतर नाही. पर्यावरण कर थकलेला. नवी नंबरप्लेट नाही. आणि वारस तीन भाऊ, त्यातला एक परदेशात. अशा वेळी आधी ३१ नंबरचा फॉर्म भरून गाडी वारसाच्या नावावर व्हावी लागते, मग विक्री. मुलगा सज्जन होता. म्हणाला, "काका, सगळे असंच घेतात. सह्या आम्ही देतो."

मी म्हटले, "बाळा, अडचण आमची नाही, तुझी आहे. उद्या याच्या हातून काही झालं, तर तो माणूस तुमच्या दारात येईल." आणि त्याला येझदीची गोष्ट सांगितली. तो काही बोलला नाही. निघताना त्याने फॉर्मचा नंबर कागदावर लिहून घेतला.

परतताना भाचा जयसिंगपूरपर्यंत गप्प होता.

महिन्याभराने त्याने गाडी घेतली. २०२३ सालची क्लासिक, एकाच मालकाची, अठरा हजार किलोमीटर चाललेली. दीड लाखाच्या आत बसली, कर्ज काढावे लागले नाही. नव्या गाडीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा घ्यावाच लागतो, तो २०२८ पर्यंत शिल्लक होता. मागचा टायर आणि चेन-स्प्रॉकेट बदलावे लागले. बाजूला ठेवलेल्या दहा टक्क्यांत ते भागले. रूप जुने, इंजिन नवे आणि पहिल्या मालकाने नवेपणाची किंमत मोजलेली. त्याच्या चाळीस किलोमीटरला आणि आईच्या गुडघ्यांना हेच योग्य होते. दुसऱ्या कुणाला वेगळे योग्य असेल. दहा-पंधरा वर्षे एकच गाडी वापरणाऱ्याने नवी घ्यावी. ज्याला हातांना काळे फासून घेण्यात सुख आहे, त्याने बिडाची घ्यावी. फक्त ती गाडी रोज आपल्याकडून काय मागणार आहे, हे आधी विचारून घ्यावे.

गाडी दारात येऊन तीन आठवडे झाले तरी भाच्याने पेढे काही दिले नव्हते. मी विचारले नाही. मग एका संध्याकाळी तो आला, फोन पुढे केला. आरसीवर त्याचे नाव आल्याचा संदेश होता. म्हणाला, "आधीच्या मालकालाही पाठवलाय, मामू. त्यांचं नाव निघालं म्हणून."

मग त्याने पेढ्यांचा पुडा काढला.